चौघांच्या नकाशातली चौकट

१

मेट्रनबाईंनी गाठोडं टेबलावर ठेवलं आणि नुसतं बोटाने दाखवलं. गाठोड्यावरची पट्टी पांढरीशुभ्र होती.

धुलाईच्या मोठ्या बाई ती पाहून खुर्चीतून उठल्याच. शाळा त्यांनी तिसरीत सोडली होती, पण पांढऱ्या पट्टीचा अर्थ कळायला शाळा लागत नव्हती. इस्पितळाचे ऑपरेशनचे कपडे त्यांच्या धुलाईत धुतले जात, शेजारच्या भट्टीत वाफेने तापवून निर्जंतुक होत, पुन्हा धुलाईच्या आवारात येत आणि तिथून गाडीने इस्पितळात जात. भट्टीची आच नीट लागली की गाठोडं निवताना पट्टी काळी पडे. पांढरी राहिली, तर गाठोडं कच्चं.

"हे उघडलं नाही ना?" बाईंनी विचारलं.

"हे नाही. याच्या जोडीचं उघडलं." मेट्रनबाईंचा आवाज कोरडा होता. "एका बाळंतिणीच्या ऑपरेशनला वापरलं. बाळ ठणठणीत आहे. आईचे टाके चिघळलेत आणि ताप हटत नाही. कोवळी पोर आहे हो, बाई. आमच्या मुली पट्टी फाडून गाठोडं उघडतात, बघत बसत नाहीत. बघायचं काम तुमच्याकडचं. चौघांनी मिळूनच ठरवलेलं."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे चौघांचा नकाशा लावलेला होता. धुलाई, भट्टी, गाडी, इस्पितळ असे चार उभे रकाने, रकान्यांत चौकटी आणि एका चौकटीतून दुसरीकडे धावणारे बाण. कोणी काय करायचं, कोणाच्या हातातून काय घ्यायचं, कशाआधी काय, सगळं त्यात होतं. चार वेगवेगळ्या धंद्यांनी भांडणं टाळायला तो केला होता आणि प्रत्येकाच्या भिंतीवर त्याची एक प्रत होती. काढला होता बाईंच्या थोरल्या सुनेने. थोरला मुलगा नोकरीला परगावी होता. सून मात्र इथेच कॉम्प्युटरपाशी बसून चौघांचा नकाशा सांभाळायची.

"'पट्टी पाहणे' कुठाय?" बाईंनी विचारलं.

सुनेने भिंतीवरचा कागद पाहिला नाही. कॉम्प्युटर उघडला, काहीतरी दाबलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? पाय फुटले त्या चौकटीला?"

"आई, मी काढलेली नाही. चौघांनी हो म्हटल्याशिवाय या नकाशातली चौकट काढताच येत नाही."

धाकटा मुलगा आपल्या टेबलाशी बसला होता. डोक्यावर मोठ्या पांढऱ्या टोपीचा दिवा, खाली कागद, कानामागे पेन्सिल. आवारातली माणसं, गाठोडी, गाडीत चढवणं, सगळं त्याच्याकडे होतं. मान वर न करता तो म्हणाला, "नकाशा वहिनींचा. त्यांनाच विचारा."

"संध्याकाळी चौघांची बैठक बोलावली आहे," मेट्रनबाई उठत म्हणाल्या. "भट्टीवाले म्हणतात, नकाशातल्या शेवटच्या बदलाखाली नाव सूनबाईंचं आहे. त्यांना काढा आणि पोलिसांत द्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण बाई, त्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर मलाही नाही म्हणता येणार नाही."

त्या गेल्या. बाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेचे ओठ घट्ट मिटलेले होते. निर्दोष माणूस एवढं गप्प का बसेल?

२

भट्टीच्या मालकाला सगळे साखऱ्या म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. तो इतकं गोड बोलायचा की ऐकणाऱ्याने घरी जाऊन चूळ भरावी.

"या, या, बाईसाहेब! आज आमच्या भट्टीला पाय लागले. चहा सांगू?"

"चहा राहू द्या. गाठोडं कच्चं निघालं कसं, ते सांगा."

"अहो, कच्चं कसलं! पट्टीचा दोष असेल. हल्ली पट्ट्याही खोट्या येतात."

बाई उत्तर न देता भट्टीपाशी गेल्या. लोखंडी दार मिटलेलं होतं आणि त्याच्या खालच्या कडेने वाफेची बारीक शिट्टी वाजत होती. जमिनीवर पाण्याचं डबकं होतं. डबक्यात गोणपाट टाकून ठेवलं होतं, जुनं, कुजायला आलेलं.

"हे दार कधीपासून गळतंय?"

साखऱ्याचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. "किंचित. रबर मागवलंय."

"किंचित! वाफ दारातून पळते, खालच्या फळीवरच्या गाठोड्यांना आच लागत नाही, आणि तुम्ही माझ्या सुनेला पोलिसांत द्यायला निघालात? चौकट तुम्हीच उडवलीत. पट्टी कोणी पाहिलीच नाही की तुमचं दार गळो, नाहीतर गळून पडो, पकडणार कोण?"

आवाज चढला तशी भट्टीवरची माणसं वळून बघायला लागली. साखऱ्याने बाईंना बाजूच्या खोलीत नेऊन तिचं दार लोटलं. आता त्याच्या बोलण्यात साखर नव्हती.

"बाईसाहेब, मी धुतल्या तांदळासारखा आहे असं म्हणत नाही. पण ती चौकट मी कशी काढणार? मला तुमची संमती लागली असती. तुम्ही हात वर केला होता?"

 धुलाईच्या वतीने बैठकीत हात वर करायचा मान बाईंनी कोणाला दिला नव्हता. सुनेला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, रेघा तू मार, हात मी वर करीन. आणि चौकट काढायला त्यांनी कधीच हात वर केला नव्हता.

"नाही ना?" साखऱ्या म्हणाला. "मग मी नाही, गाडीवाला पैलवान नाही, मेट्रन नाही. आणि तुमच्या रकान्यातल्या शेवटच्या बदलाखाली नाव सुनेचं. आता सांगा, मी कोणावर संशय घेऊ?"

चौघांच्या संमतीशिवाय जी निघत नाही, ती चौकट एकाच्याही संमतीशिवाय निघाली होती. परतताना बाईंना प्रथमच भीती वाटली, आणि ती साखऱ्याची नव्हती.

३

पैलवान गाड्यांचा मालक. देह कुलपासारखा, आवाज मात्र पोरीसारखा बारीक. बाईंना तो मावशी म्हणायचा. गाडीखाली झोपून काहीतरी पिळत होता. बाईंचे पाय दिसताच तेलकट हातांनी बाहेर सरपटला.

"मावशी, माझ्या गाडीचा काय दोष? बांधलेलं गाठोडं मिळालं, पोचवलं."

"दोष विचारायला आले नाही. हल्ली काय बदललं, ते सांग."

"बदललं ते चांगलंच की! आधी माझा ड्रायव्हर तुमच्या आवारात ताटकळायचा. गाठोडी निवायची, मग ती तुमची बाई एकेक उचलून उजेडात धरायची, मग शिक्का. ड्रायव्हरचा चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, जांभया व्हायच्या. आता गाडी आत गेली की भरून बाहेर. तुमच्या धाकट्याने शिस्त लावली, मावशी. मी तर चारचौघांत त्याचं नाव घेतो."

बाईंना ते गोड लागलं नाही. आपल्या पोराची स्तुती ऐकून असं व्हायची ही पहिलीच वेळ.

"आणि नकाशा? त्यात कधी ढवळाढवळ झाली?"

"ढवळाढवळ नाही, आवराआवर झाली. आठवतं का, नकाशा भिंतीवर मावेना? मेट्रनबाई म्हणाल्या, मुंग्यांची रांग दिसते. तेव्हा गुंडाळला नाही का थोडा? तुम्हीही हात वर केलात."

बाईंना आठवलं. आवरायला कोण नाही म्हणेल? सगळ्यांनीच हात वर केले होते.

घरी येऊन त्यांनी सुनेच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"गुंडाळला म्हणजे काय केलं? मला समजेल असं सांग. चित्र काढून सांग."

सुनेने कागद घेतला. तीन लहान चौकटी काढल्या. मोजणी. पट्टी पाहणे. शिक्का. मग तिघींभोवती एक मोठी चौकट काढून तिच्यावर लिहिलं, पाठवणी.

"भिंतीवर फक्त ही मोठी दिसते, आई. आतल्या तिन्ही आत असतात. बंद कपाटासारखं."

"आणि कपाटाच्या आत हात घालायला चौघांची संमती लागते?"

"नाही. बाहेरच्या चौकटी सामाईक. पण चौकटीच्या आत कसं काम करायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आतलं दुसऱ्यांना दिसतही नाही, रकान्याखाली शेवटचा बदल कोणाच्या नावावर आहे एवढंच दिसतं. भट्टीत काय चालतं ते आपल्याला दिसतं का?"

बाईंना दारातली शिट्टी आठवली. नव्हतं दिसत.

"म्हणजे पट्टीची चौकट अंगणातून आधी घरात गेली. चौघांच्या संमतीने. आणि घरातून कोणीतरी गुपचूप बाहेर फेकली, तिथे कोणाला विचारायचंच नव्हतं." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "ही पाठवणी कोणाच्या रकान्यात आहे?"

सुनेने मान खाली घातली.

"आपल्या, आई."

४

"आणि आपल्या रकान्यातल्या बदलाखाली नाव तुझं का?"

"धुलाईची म्हणून तिथे माझीच नोंद आहे. आपल्याकडून कोणीही काहीही बदललं, तरी नाव माझंच उमटतं."

"आतलं कोण बदलतं?"

 हे सुनेने सांगायची गरजच नव्हती. वाटणी बाईंनीच केली होती. बाहेरचं सुनेकडे, आतलं धाकट्याकडे. खालच्या आवारात सुनेने पाय टाकायचा नाही, धाकट्याला आवडत नाही, हेही बाईंनीच सांगितलं होतं.

"तुला सकाळीच कळलं होतं."

"संशय आला होता. तुमच्या मुलाचं नाव मी कोणत्या तोंडाने घेणार? आणि घेतलं असतं तर तुम्ही खरं मानलं असतं?"

 बाई तशाच उठल्या आणि जिना उतरल्या.

आवार ओल्या कपड्यांच्या आणि साबणाच्या वासाने भरलेलं होतं. तिथल्या शेडच्या खिडकीपाशी, जिथे पट्टी पाहायचं पांढरं टेबल असायचं, तिथे साबणाच्या पेट्यांची चवड होती. बाईंनी एक पेटी सरकवली. टेबल खालीच होतं, धुळीने माखलेलं. त्याच्यावर छताला एक आकडा होता, रिकामा, आणि आकड्यातून तुटकी वायर लोंबत होती.

पट्ट्या पाहणारी बाई आता घड्या घालत बसली होती. मालकिणीला पाहून तिने चादरीची चौथी घडी पाचव्यांदा घातली.

"इथून का उठलीस?"

"उठवलं."

"कोणी?"

"वरून हुकूम आला, म्हणाले."

"म्हणाले कोण?"

ती चादरीकडे बघत राहिली. "बाई, मला या नोकरीवर दोन लेकरं पोसायची आहेत. घरातली भांडणं तुमची. मी फक्त एवढं म्हटलं होतं, पट्टी न बघता कसं पाठवायचं? तर म्हणाले, भट्टी कधी चुकली आहे का?"

"दिवा कुठे गेला?"

 तिची नजर क्षणभर जिन्याकडे गेली.

बाई वर आल्या. धाकटा टेबलाशी नव्हता. मोठ्या पांढऱ्या टोपीचा दिवा त्याच्या कागदांवर जळत होता. पट्टीवरचा काळा आणि करडा यांतला फरक दिसावा म्हणून मुद्दाम आणलेला दिवा. सकाळी त्या त्याच्याच उजेडात उभ्या होत्या आणि आपल्या डोळ्यांनी पाहूनही त्यांना दिसला नव्हता.

फोन वाजला. मेट्रनबाई होत्या.

"बाई, पोरीची शुद्ध हरपतेय. बैठक लवकर घेऊ."

बाईंनी फोन ठेवला आणि भिंतीतून दिव्याची पिन उपटली.

५

बैठकीला चौघांची माणसं आली. साखऱ्याने कागद तयारच आणला होता. त्यावर फक्त सह्या हव्या होत्या. पैलवान अंग चोरून खुर्चीत बसला होता, खुर्चीला ते परवडत नव्हतं. सून दाराजवळ उभी होती. धाकटा खिडकीशी.

बाईंनी शालीखालून दिवा काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला त्यांनी पाहिला. पुढे बोलावं की नाही, हे ठरवायला तेवढा एक क्षण होता. त्यांनी तो वाया घालवला नाही.

"सगळे एकच विचारतायत, चौघांना न विचारता चौकट निघाली कशी," त्या म्हणाल्या. "निघाली नाही. आपण सगळ्यांनी हात वर करून ती पाठवणीच्या पोटात घातली. मग पोटातून ती काढणाऱ्याला आपल्याला विचारायची गरजच उरली नाही. पोट आमच्या रकान्यात. म्हणजे काढणारा आमच्या घरातला."

"तेच तर मी सांगतोय," साखऱ्या म्हणाला. "सूनबाईच."

"थांबा. माझ्या सुनेने ती चौकट काढली असती, तर काय झालं असतं? कागदावरून चौकट गेली असती. पण खालची बाई पट्ट्या बघतच राहिली असती. तिला नकाशा वाचता येत नाही, तिला टेबल ठाऊक. तिला उठवायला कोणीतरी खाली जायला हवं होतं. माझी सून आवारात जात नाही. मीच बंदी घातली आहे. मग बाईला उठवलं कोणी? टेबलावर पेट्या रचल्या कोणी? आणि इथे पुन्हा कधी पट्टी बघायची नाही, एवढी खात्री कोणाला होती, की त्याने हा दिवा उतरवून आपल्या टेबलावर लावला?"

बाई पैलवानाकडे वळल्या.

"पैलवान, गाडी लवकर सुटते म्हणून तू शाबासकी कोणाला देतोस?"

पैलवानाने धाकट्याकडे पाहिलं आणि त्याचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "मावशी, मला काय माहीत होतं..."

"तू बोल," बाई धाकट्याला म्हणाल्या. "आई म्हणून विचारत नाही. धुलाईची मालकीण म्हणून विचारते."

धाकट्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं. मग सगळं एकदम बाहेर पडलं.

"गाडी रोज अडायची! सगळी गाठोडी काळीच निघायची, दरवेळी काळीच. वाटलं, फुकट वेळ जातो. मला काय ठाऊक दार गळतंय ते!"

"आणि सकाळी वहिनीचं नाव पुढे केलंस ते?"

"घाबरलो." त्याने डोळे पुसले, एवढा बाप्या माणूस. "आई, घरी कोणी आलं की तू त्याला आधी भिंतीपाशी नेतेस. माझ्या सुनेने काढलाय म्हणतेस, चार धंदे एका कागदावर नांदवते म्हणतेस. मी गाठोडी उचलतो ते कधी दाखवलंस कोणाला? मलाही एकदा काहीतरी करून दाखवायचं होतं."

दाराजवळ सुनेने झटकन मान वर केली. पाहुण्यांपुढे सासू काय बोलते, ते तिला आज, या खोलीत, असं कळत होतं.

बाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. त्या साखऱ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही. दार गळतंय हे ठाऊक असून भट्टी चालवलीत आणि चकार शब्द काढला नाहीत. तुमच्याही चौकटीच्या पोटात बरंच काही गुंडाळलेलं आहे. तो कागद फाडा. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. माझ्या मुलासाठी दार मी स्वतः उघडीन. पण तुम्हालाही त्याच दारातून बाहेर पडावं लागेल."

साखऱ्याने कागदाची घडी घातली. मग आणखी एक.

आता मेट्रनबाई पुढे झुकल्या. "तक्रार मी करणार आहे," त्या म्हणाल्या. "दोघांचीही. ती पोर जगो वा..." वाक्य त्यांनी सोडून दिलं.

"करा," बाई म्हणाल्या. आवाज हलला, पण मोडला नाही. "तोवर याने इस्पितळात जाऊन बसायचं. त्या बाळंतिणीच्या माणसांसमोर. मी केलं म्हणून सांगायचं. ते काय म्हणतील ते ऐकायचं. ऊठ."

धाकटा उठला. वहिनीजवळून जाताना थांबला. काही म्हणायचं होतं त्याला, पण वहिनीने नुसती वाट दिली. तेवढंही पुष्कळ होतं.

तो गेल्यावर सून पुढे आली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज ठाम होता.

"पट्टीची चौकट परत बाहेर आणायची आहे. चौघांना दिसेल अशी. नकाशा भिंतीवर मावला नाही तर भिंत मोठी शोधू. आणि यापुढे काही गुंडाळायचं असेल, तर ज्यात माणसाचा जीव अडकलाय ती चौकट गुंडाळायची नाही. भट्टीचं दार तपासणंही बाहेर येईल. मंजूर?"

मेट्रनबाईंचा हात वर गेला. पैलवानाचा गेला. साखऱ्याचा सगळ्यांत सावकाश, पण गेला.

तेवढ्यात मेट्रनबाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं. 

"ताप उतरायला लागलाय," त्या म्हणाल्या. "अजून सांगता येत नाही. पण तिने बाळाला मागितलं."

पैलवान चक्क रडला. सून मात्र सासूकडे बघत उभी होती. तीन हात वर होते, आणि चौथा धुलाईचा हवा होता.

बाई दिव्याची वायर गुंडाळत होत्या.

"आई, हात," सून हळूच म्हणाली.

"माझ्या हातात दिवा दिसत नाही का?" बाई फणकारल्या. "खाली जाऊन त्या आकड्याला लावायचाय अजून. धुलाईचा हात तू वर कर."

सुनेला कळायला जरा वेळ लागला.

"आजच्यापुरता?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही?" बाई दाराकडे निघाल्या. उंबऱ्यावर थांबल्या, मागे वळल्या नाहीत. "आणि हात वर करून झाला की खाली ये. आवारात. स्टूल धरायला कोणीतरी लागेल."